परदेशी भाषा शिकायचीय? मराठी माणसाला सोपी कोणती आणि सुरुवात कुठून करायची

हा प्रश्न हमखास दोन वेळा येतो. अकरावीचा फॉर्म भरताना आणि नोकरीत दोन-तीन वर्षं काढून कंटाळा आल्यावर. "एखादी परदेशी भाषा करावी म्हणतोय, सोपी कुठली?" विचारणाऱ्याने तोवर गूगल केलेलं असतं आणि त्याच्या हातात एक यादी असते. वर स्पॅनिश, इटालियन, डच, नॉर्वेजियन. तळाला जपानी, चिनी, कोरियन आणि अरबी, 'अतिकठीण' असा शिक्का मारून.

ही यादी मुळात अमेरिकेची. तिथल्या परराष्ट्र खात्याची फॉरिन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवते आणि कुठल्या भाषेला वर्गात किती तास लागतात याचा हिशोब ठेवते. स्पॅनिश-इटालियनला साधारण ६०० ते ७५०, जर्मन आणि इंडोनेशियनला ९०० च्या आसपास, जपानीला २२००. आकडे खरे आहेत, पण ते जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्यांचे आहेत. त्याच यादीत हिंदीला ११०० तास लावलेत. आपण हिंदी कशी शिकलो? दूरदर्शन बघत, जेवता जेवता. म्हणजे यादीतला क्रम आपल्याला लागू होत नाही, हे तिथंच दिसतं.

मी कॉलेजात जर्मन केली आणि पुढे नोकरीमुळे जपानी. मधल्या काळात स्पॅनिश आणि इंडोनेशियनचं थोडं थोडं चाखून झालं. त्यावरून माझं मत असं झालंय की सोप्या भाषेचा शोध मराठीपासून सुरू करायला हवा. इंग्रजीतून बघितलं की जपानी डोंगर वाटते. मराठीतून बघितलं तर तिचा अर्धा घाट आपण आधीच चढलेलो असतो.

पायरी १ : कशासाठी, ते एका ओळीत लिहा

यावर फार वेळ घालवायचा नाही. 'जर्मनीत नर्सिंगची नोकरी', 'कंपनीतल्या जपानी साहेबाशी बोलता यावं', 'मुलगी माद्रिदला आहे', 'हौस' यातलं काहीही चालेल. पण ओळ लिहाच. नोकरीसाठी भाषा हवी असेल तर सोपी-अवघड हा मुद्दा दुसऱ्या नंबरवर जातो. जर्मनीला जायचं ठरलेल्याने इंडोनेशियन सोपी म्हणून शिकण्यात अर्थ नाही.

अकरावीत मराठी सोडून फ्रेंच-जर्मन घेणारे 'मार्कांसाठी' असं लिहितात. तेही प्रामाणिक उत्तर आहे. फक्त दोन वर्षांनी त्या भाषेत पाणी मागता येईल अशी अपेक्षा ठेवू नका.

पायरी २ : मराठीशी किती जुळते ते तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. भाषेची पाच अंगं पडताळायची: वाक्यातला शब्दांचा क्रम, लिंग आणि विभक्ती, ओळखीचे शब्द, उच्चार आणि लिपी.

*शब्दांचा क्रम.* मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि 'ला, ने, हून, पर्यंत' नामाच्या मागे चिकटतात. जपानी आणि कोरियन अगदी अशाच आहेत. हे वाक्य बघा: "मुंबई कारा पुणे मादे देन्शा दे इकिमास." कारा म्हणजे पासून, मादे म्हणजे पर्यंत, देन्शा म्हणजे ट्रेन, दे म्हणजे ने, इकिमास म्हणजे जातो. मुंबईपासून पुण्यापर्यंत ट्रेनने जातो. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. 'मी' गाळला तरी चालतं, आपल्यासारखंच.

माझ्या पहिल्या जपानी क्लासमध्ये (नाव राहू दे) सगळं इंग्रजीतून चालायचं. फळ्यावर 'आय ईट राइस' लिहायचं, मग बाण काढून शब्द उलटेपालटे करायचे. बाणांनी भरलेली ती वही अजून माझ्याकडे आहे. तीन महिन्यांनी एकदा बसमध्ये उभा असताना लक्षात आलं, अरे, मी भात खातो, वाताशी वा गोहान ओ ताबेमास, सरळच तर आहे! बाण कशाला काढत होतो आपण?

त्याहून गोड गोष्ट पुढे आहे. आपण म्हणतो खाऊन बघ, लिहून ठेव, घेऊन ये. 'बघणे', 'ठेवणे' ही क्रियापदं इथं आपला मूळ अर्थ सोडून दुसऱ्या क्रियापदाला टेकू देतात. इंग्रजी माणसाला हे समजावताना पानं भरतात. जपानीत खाऊन बघणे म्हणजे 'ताबेते मिरु', आणि मिरु म्हणजे बघणेच. लिहून ठेवणे म्हणजे 'काइते ओकु', ओकु म्हणजे ठेवणे. विकत घेऊन येणे 'कात्ते कुरु', कुरु म्हणजे येणे. हे प्रकरण शिकवायला लागलं की वर्गातली मराठी पोरं हसायला लागतात. त्यांचं ते घरचंच असतं. काळीज धडधडतं ते 'दोकी दोकी' आणि चांदणी चमचमते ती 'किरा किरा', हेही तसंच.

*लिंग आणि विभक्ती.* तो, ती, ते ही तीन लिंगं आपल्याला जन्मजात. जर्मनमध्येही तीन: देर, दी, दास. लिंगं जुळतात असं मात्र नाही. त्यांचा सूर्य बाई आहे आणि चंद्र बाप्या. खुर्ची आपल्याकडे ती, त्यांच्याकडे तो. पाठांतर सुटत नाही, पण 'टेबलाला लिंग कशाला?' हा प्रश्न आपल्याला पडत नाही, आणि तो न पडणं हीच मोठी कमाई आहे. जर्मन शिकणारे सगळे परदेशी एका शब्दावर अडतात. मुलगी, म्हणजे 'मेडशेन', नपुंसकलिंगी कशी? कारण शेवटचं 'शेन' हा लहानपण दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की शब्द नपुंसकलिंगी होतो. आपण 'ते पोरगं', 'ते कार्टं' म्हणतो की नाही? तोच न्याय.

जर्मन अंक इंग्रजीवाल्यांना छळतात. चोवीसला ते 'फिअर-उंट-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे चार-आणि-वीस. आपणही 'चो-वीस'च म्हणतो, एकक आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मन शिकताना मात्र जुनं चोवीस-पंचवीसच कामी येतं.

'मला आवडतं' ही मराठीची खास लकब आहे. आवडणारा कर्ता नसतो, आवडलेली वस्तू कर्ता असते. मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात. स्पॅनिशमध्ये: "मे गुस्ता एल मांगो", "मे गुस्तान लोस मांगोस". हुबेहूब. स्पॅनिशचं क्रियापद कर्त्यासोबत बदलतं आणि 'मी, तू' बोलायची गरज राहत नाही: आब्लो म्हणजे (मी) बोलतो, आब्लास म्हणजे (तू) बोलतोस. 'तू'च्या रूपाच्या शेवटी दोन्हीकडे स, एवढं धरून ठेवलं तरी पहिला तक्ता निम्मा पाठ होतो. तू आणि तुम्ही असा भेदही तिथं आहे: तू आणि उस्तेद. हो, 'तू' म्हणजे तूच.

इंडोनेशियनमध्ये लिंग नाही, विभक्ती नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. 'माकान' म्हणजे खाणे. 'सुदाह माकान' झालं खाऊन, 'आकान माकान' खाणार. अनेकवचन करायचं तर शब्द दोनदा म्हणा: आनाक म्हणजे मूल, आनाक-आनाक मुलं. आणि एक बारीक भेद असा आहे, जो हिंदीतही नाही आणि इंग्रजीतही नाही: समोरच्याला धरून 'आपण' आणि समोरच्याला वगळून 'आम्ही'. इंडोनेशियनमध्ये आपण म्हणजे 'किता' आणि आम्ही म्हणजे 'कामी'. दुसरे लोक हा नियम घोकतात. आपल्याला फक्त दोन शब्द लक्षात ठेवायचे आहेत.

*ओळखीचे शब्द.* इथं पोर्तुगीज पुढे. बटाटा, पाव, पगार, चावी, साबण, बादली, घमेलं, काजू, अननस, फीत, लिलाव, नाताळ. हे सगळं त्या भाषेकडून आलेलं सामान आपल्या घरात पडून आहे. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, त्यामुळे तिथल्या जुन्या घरांत ही भाषा अजून ऐकू येते. तिचे नाकातले स्वर पुण्या-नागपूरच्या माणसाला जड जातात. पण कोकणीत 'हांव' म्हणणाऱ्याला आणि मालवणी नाकात बोलणाऱ्याला ते शिकवावे लागत नाहीत. गोवा किंवा सिंधुदुर्गातलं कुणी विचारलं तर मी स्पॅनिशआधी पोर्तुगीज सुचवतो. पणजीत ती शिकायची सोयही चांगली आहे.

इंडोनेशियन संस्कृत शब्दांनी भरलेली आहे, पण जपून. भाषा म्हणजे 'बहासा', गुरू म्हणजे गुरू, नाव म्हणजे 'नामा', चेहरा म्हणजे 'मुका', उपवास म्हणजे 'पुआसा'. नवरा 'सुआमी' आणि बायको 'इस्त्री' (कपड्यांची नव्हे). मग गंमत सुरू होते. 'चिंता' म्हणजे प्रेम. आणि संस्कृत 'संसार'वरून आलेला 'संगसारा' म्हणजे हालअपेष्टा. ज्यांचं लग्न झालंय त्यांना हे शब्द एकदाच सांगावे लागतात.

फारसी कुणी फारशी शिकत नाही, पण इतिहासाची आवड असेल तर विचार करा. क्रियापद शेवटी, लिंग अजिबात नाही, आणि बाजार, दरवाजा, पसंत, कागद असे शब्द तयार. फारसीत सात म्हणजे 'हफ्त'. हप्ता तिथूनच आला. मोडी कागदपत्रं वाचणाऱ्यांना तिचा उपयोग रोजचा आहे.

*उच्चार.* मराठीकडे दोन च आहेत हे आपण विसरतो. 'चिमटा'मधला वेगळा आणि 'चमचा'मधला वेगळा. हा चमच्यातला च जर्मन भाषेत जागोजागी लागतो ('त्साइट' म्हणजे वेळ, 'त्सेन' म्हणजे दहा) आणि जपानी 'त्सु'मध्येही. हिंदीभाषक मित्र इथं अडखळताना पाहिलेत. आपण फुकट पास.

उलट एक खोड आपल्याला इंग्रजीने लावली आहे. रोमन लिपीतला टी दिसला की ट आणि डी दिसला की ड. स्पॅनिश, पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच या सगळ्यांत तिथं आपला त आणि द असतो. जपानीतही. टोकियो हा इंग्रजीमार्गे आलेला उच्चार. जपानी माणूस 'तोऽक्योऽ' म्हणतो आणि गाडीला 'तोयोता'. एवढं एक सुधारलं तरी समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो.

ऱ्हस्व-दीर्घाबाबत आपण लिहिताना निष्काळजी असतो. जपानीत ते परवडत नाही. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा काकू आणि 'ओबाऽसान' म्हणजे आजी. चाळिशीच्या बाईंना आजी म्हणून बघा काय होतं ते. स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. 'कुर्रेबाज' म्हणताना जीभ जशी थरथरते तशी थरथरवायची.

*लिपी.* खरी फी इथं भरावी लागते. स्पॅनिश, जर्मन, इंडोनेशियनला रोमन लिपी, आणि तिघींत लिहिलंय तसंच बहुतेक वाचायचं. फ्रेंच मात्र लिहिते दहा अक्षरं आणि वाचते चार. (फ्रेंच अंकांची भीती घालणाऱ्यांना सांगा, त्यांचं ऐंशी म्हणजे 'चार वीस'. आपल्या आज्या 'चार विसा' मोजायच्याच की.)

कोरियन लिपी, म्हणजे हांगुल, राजा सेजोंगने १४४६ साली जाहीर केली. मुळाक्षरं २४, आणि रचना इतकी शहाणी की क ला एक रेघ वाढवली की ख होतो. शनिवार-रविवारात वाचता येते, हे अतिशयोक्ती न करता सांगतो. जपानीत हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला, प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरं. त्यांचा तक्ता बघून तुम्ही चमकाल: आ इ उ ए ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून ही मांडणी तिकडे गेली. ती आपल्याच वर्णमालेची धाकटी बहीण आहे. दोन-तीन आठवड्यांत दोन्ही होतात. त्यानंतर कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चिन्हं येतात. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २१३६ चिन्हं आहेत आणि तिथं मराठी काही मदत करत नाही. जपानी बोलायला सोपी, वाचायला वर्षांची, हा सौदा आधीच समजून घ्या.

चिनीत व्याकरण हलकं आहे, पण स्वर चढला-उतरला की अर्थ बदलतो आणि लिपी पहिल्या दिवसापासून अंगावर येते. अरबीत पुस्तकातली भाषा आणि दुबईच्या रस्त्यावरची भाषा वेगळी. आखातात कामाला जाणाऱ्याने आधी बोली शिकावी. या दोन्ही मी स्वतः केलेल्या नाहीत, म्हणून इथंच थांबतो.

एक भाषा यादीत कुणी धरतच नाही: नेपाळी. लिपी देवनागरी, "म भात खान्छु" म्हणजे मी भात खातो, "तिम्रो नाम के हो?" समजावायची गरज नाही. परदेशाची राजभाषा, आणि १९९२ पासून कोकणीसोबत आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतही. ट्रेकिंगला एव्हरेस्टकडे जाणाऱ्यांनी महिनाभर दिला तरी शेर्पाशी गप्पा होतील.

मग माझा क्रम

केवळ लवकर बोलता यावं म्हणून विचाराल तर नेपाळी, मग इंडोनेशियन. जगात उपयोग आणि सोपेपणा दोन्ही धरलं तर स्पॅनिश. वीस देशांची राजभाषा आहे. व्याकरण आपल्या हाडात आहे म्हणून जपानी, लिपीची तयारी असेल तर. कोरियन तिच्या शेजारी. मालिका बघणाऱ्या मुली आजकाल ती क्लासशिवायच निम्मी शिकून येतात. जर्मन मधली, पण महाराष्ट्रात शिकवणारे चांगले आहेत आणि नोकऱ्या आहेत, म्हणून प्रत्यक्षात ती वाटते त्यापेक्षा सोपी जाते. फ्रेंच मी थोडी खाली ठेवतो. यावर फ्रेंचवाले माझ्याशी भांडतात. भांडू देत.

पायरी ३ : पैसे भरण्याआधी सात-सात दिवस

दोन भाषा निवडा. प्रत्येकीला एक आठवडा, रोज अर्धा तास. पहिले दोन दिवस फक्त ऐका: बातम्या, गाणी, कार्टून. अर्थ लावू नका. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक ते वीस अंक आणि नमस्कार, धन्यवाद, माफ करा. पाचव्या-सहाव्या दिवशी दहा वाक्यं: माझं नाव, मी कुठला, हे काय, केवढ्याला, पाणी द्या, समजलं नाही. सातव्या दिवशी वही बंद करून ती दहा वाक्यं घरच्यांसमोर म्हणा.

साहित्य फुकट मिळतं. जर्मनसाठी डॉइचे वेलेचे धडे, जपानीसाठी एनएचके वर्ल्डचे धडे, ते हिंदीतूनही आहेत. दोन्ही आठवडे संपल्यावर वाक्यं किती आठवली ते मोजू नका. त्यानंतरच्या दिवशी आपणहून कुठली भाषा लावून ऐकाविशी वाटली, ती घ्या. कान ज्या भाषेला कंटाळतो ती वर्षभर पुरत नाही.

पायरी ४ : पहिला महिना तोंडाचा

लिपी शिकेपर्यंत उच्चार देवनागरीत लिहून ठेवा. रोमनपेक्षा देवनागरी कितीतरी बरी. त आणि ट, न आणि ण वेगळे दाखवते. पण हा पांगुळगाडा आहे. हिरागाना-काताकाना तिसऱ्या आठवड्यात, हांगुल पहिल्याच आठवड्यात, आणि मग वहीतली देवनागरी खोडायची. माझ्याबरोबरच्या एकाने सहा महिने देवनागरीवर काढले. परीक्षेत वाचनाचा पेपर समोर आल्यावर त्याला पहिलं पानही पलटता आलं नाही.

रोज पाच मिनिटं ऐकत ऐकत मागोमाग म्हणा, वाक्य संपायची वाट न बघता. मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा. पहिल्यांदा ऐकताना लाज वाटेल. सगळ्यांनाच वाटते.

पायरी ५ : वाक्य मराठीतून बनवा

पुस्तक इंग्रजीत असेल, शिक्षक इंग्रजीतून शिकवत असतील, तरी वहीत नवं वाक्य आलं की खाली मराठी लिहा. तेही बोली मराठी. 'मी भोजन ग्रहण करतो' नको, 'जेवतो' लिहा. तीन रकाने पाडा: परदेशी वाक्य, शब्दाला शब्द मराठी, आणि आपण खरंच कसं म्हणू ते. दुसरा आणि तिसरा रकाना सारखा आला की त्या वाक्याला बरोबरची खूण करून सोडून द्या, ते घोकायचं नाही. जिथं दोन्ही वेगळे येतात तिथंच मेहनत.

उदाहरण देतो. जर्मनमध्ये 'कारण मी दमलोय' हे "वाइल इश म्यूडे बिन", शब्दशः 'कारण मी दमलेला आहे'. सारखं. सोडून द्या. पण साध्या वाक्यात जर्मन क्रियापद दुसऱ्या जागी उडी मारतं: "इश त्रिंके काफे", 'मी पितो कॉफी'. वेगळं. हे दहा वेळा लिहा. स्पॅनिशमध्ये भूक 'असते': "तेंगो आंब्रे", 'माझ्याकडे आहे भूक'. आपल्याकडे ती लागते. वेगळं, लिहा.

या पद्धतीने माझं जपानीचं एन-५ (सगळ्यात खालच्या) पातळीचं पुस्तक निम्म्याहून कमी उरलं होतं.

शब्दांसाठी पहिले ३०० स्वतःच्या दिवसातून घ्या. स्वयंपाकघर, बस, ऑफिस, घरची माणसं. 'पोपट' आणि 'विमानतळ' मागून येतील.

पायरी ६ : तासांचा हिशोब

रोज तासभर दिला तर वर्षात ३६५ तास होतात. अमेरिकी अधिकाऱ्यांच्या ६०० तासांचं ओझं घेऊ नका. ते कचेरीतलं काम चालवण्याइतकी भाषा करतात. बाजारहाट, ओळखपाळख, साधं बोलणं याला स्पॅनिश किंवा इंडोनेशियनचे दीडशे-दोनशे तास पुरेत, असा माझा अनुभव.

सकाळी पंचवीस मिनिटं नवीन, रात्री पंचवीस मिनिटं जुनं. रविवारी चार तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. गणपतीत आणि दिवाळीत खंड पडणारच. तेव्हा निदान ऐकणं चालू ठेवा, मोदक वळताना कानात हेडफोन चालतो.

पायरी ७ : क्लास आणि परीक्षा

पुण्या-मुंबईत जर्मनसाठी माक्स म्युलर भवन, फ्रेंचसाठी आलियाँस फ्रान्सेज, आणि पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं विद्यापीठाचं रानडे इन्स्टिट्यूट. बाहेरगावी असाल तर ऑनलाइन वर्ग. कुठंही प्रवेश घेताना तीन गोष्टी विचारा: वर्गात किती जण, तासात विद्यार्थी किती वेळ बोलतात, आणि शिक्षक शेवटपर्यंत तेच राहणार का. माझ्या त्या पहिल्या क्लासमध्ये चार महिन्यांत तीन शिक्षक बदलले आणि प्रत्येकाने हिरागानापासून सुरुवात केली. फी मात्र एकदाच घेतली होती, एवढं खरं.

युरोपीय भाषांच्या पातळ्या ए-१ ते सी-२. जपानीच्या एन-५ ते एन-१, एन-५ सगळ्यात खालची. जपानीची जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुणे-मुंबईत केंद्रं आहेत, अर्ज काही महिने आधी भरावा लागतो. एन-५ ला १८० पैकी ८० गुण लागतात. त्यात बोलायची परीक्षाच नसते. म्हणून एन-३ चं प्रमाणपत्र खिशात ठेवून जपानी पाहुण्यासमोर मान खाली घालणारे इंजिनिअर चाकणला कमी नाहीत. जर्मन परीक्षेत ए-१ पासूनच बोलावं लागतं, आणि ते बरंच आहे.

पायरी ८ : माणूस गाठा

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा तरी जिवंत माणसाशी बोला. क्लासमधला सोबती, ऑनलाइन भेटलेला कुणी, कंपनीतला पाहुणा. चुका होतील, समोरचा हसेल. विषय मात्र ठरवून जा. 'काही तरी बोलू' म्हटलं की दोघंही हवामानावर येऊन थांबतात. खाणं हा सगळ्यात सोपा विषय.

आमच्या कंपनीत पहिल्यांदा जपानी इंजिनिअर आले तेव्हा कँटीनमध्ये मिसळ होती. ते ताटाकडे बघत बसले होते. माझ्याकडे जेमतेम चाळीस वाक्यं होती. त्यातलं एक काढलं: "ताबेते मिते कुदासाई", खाऊन बघा. त्यांनी आश्चर्याने माझ्याकडे बघितलं आणि मोठा घास घेतला, तर्रीसकट. क्षणभर शांतता. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "काराइ!" हा शब्द माझ्या पुस्तकात अजून आला नव्हता, पण अर्थ विचारावा लागला नाही. 'मिझु' म्हणजे पाणी, हे येत होतं. ते आणायला धावलो.